दिवसाढवळ्या पेटलेला दिवा

सावद्याच्या रस्त्यावर मे महिन्यातल्या ऐन दुपारी समोरून येणाऱ्या एखाद्या मोटारीचे दोन्ही दिवे पेटलेले दिसतात. ऊन इतके प्रखर असते की त्या दिव्यांचा उजेड रस्त्यावर कुठेच पडत नाही. दोन पांढुरके ठिपके तेवढे जाणवतात. समोरचा दुचाकीस्वार हात उंचावतो, पाचही बोटे जुळवतो आणि उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. या खुणेचा अर्थ भारतातील कोणत्याही रस्त्यावर समजावून सांगावा लागत नाही. दिवा चालू राहिला आहे, बंद करा.

खूण परोपकाराची आहे. बॅटरी उतरेल, बल्ब जाईल, या काळजीपोटी अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला दिलेला हा सल्ला असतो. त्यामागे एक गृहीत दडलेले आहे: दिवसा पेटलेला दिवा म्हणजे विसराळूपणा. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र या गृहीताच्या उलट दिशेने चालत आला आहे. दिवसा पेटलेला दिवा कधी कायद्याची आज्ञा असतो, कधी यंत्राने जाणूनबुजून पत्करलेली चूक असते आणि कधी खरोखरच बिघाड असतो. या तिन्हींतला फरक ओळखता आला तर गॅरेजचा खर्च वाचतो. तो न ओळखता कोणी दिव्याची वायरच तोडून टाकली, तर त्याची किंमत एखाद्या संध्याकाळी भलत्याच माणसाला मोजावी लागते.

आधी कायद्याची गोष्ट.

१ एप्रिल २०१७ हा दिवस भारतीय दुचाकींच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. पहिले कारण गाजले. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च रोजी आदेश दिला की बीएस-३ मानकाची वाहने १ एप्रिलपासून विकता येणार नाहीत, आणि शोरूममध्ये उरलेल्या गाड्या पुढच्या दोन दिवसांत मोठ्या सवलतीने विकल्या गेल्या. दुसरे कारण त्या गर्दीत फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याच दिवसापासून नव्या दुचाकींवरचे हेडलाइट बंद करण्याचे बटण नाहीसे झाले. इंजिन सुरू झाले की दिवा लागणार आणि इंजिन थांबले की विझणार. स्वाराच्या इच्छेचा प्रश्नच उरला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यासाठी दुरुस्ती झाली होती, आणि तिच्यामागे न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीची शिफारस होती. गंमत अशी की ३० आणि ३१ मार्चच्या झुंबडीत ज्यांनी स्वस्तात गाडी पदरात पाडून घेतली, त्यांतल्या बहुतेकांना ते जुने बटणही मिळाले.

ज्यांना मिळाले नाही, त्यांच्या वाट्याला बोटांच्या खुणा आल्या. गाव ओलांडेपर्यंत चार-पाच जण तरी हात हलवून सांगत. काहींनी कंटाळून बाजारातून बटण आणले आणि वायर कापून ते बसवून घेतले. कायदा एका दिवसात बदलला, पण रस्त्यावरच्या माणसांच्या मनातला दिव्याचा अर्थ बदलायला कित्येक वर्षे लागली. अजूनही तो पुरता बदललेला नाही.

या कल्पनेचे मूळ उत्तर युरोपात आहे. तिथला हिवाळ्यातला सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून फार वर येत नाही आणि संधिप्रकाश तासन्‌तास रेंगाळतो. फिनलंडने १९७२ मध्ये शहराबाहेरील रस्त्यांवर हिवाळ्यात दिवसाही दिवे लावण्याची सक्ती केली. स्वीडनने १ ऑक्टोबर १९७७ पासून ती बारमाही केली. नॉर्वे, आइसलंड आणि डेन्मार्क त्याच वाटेने गेले. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर तयार झालेल्या प्रत्येक नव्या मोटारीला दिवसा आपोआप लागणारे दिवे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना असे स्वतंत्र दिवे सक्तीचे केले. आज ज्यांना डीआरएल म्हणतात ते हेच. हे दिवे रस्ता पाहण्यासाठी नसतात. ते असतात दिसण्यासाठी.

यावरचा आक्षेप उघड आहे. स्वीडनचा अंधारा हिवाळा कुठे आणि जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा कुठे? पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दिवा कशाला? आक्षेप निरर्थक नाही; भारतात २०१७ मध्ये तो पुष्कळांनी घेतला. त्याचे उत्तर मिळते ते विषुववृत्ताजवळच्या मलेशियात. तिथे ऊन खानदेशाइतकेच सढळ आणि दुचाकींची संख्याही अफाट. मलेशियाने १९९२ मध्ये मोटारसायकलींना दिवसा दिवा लावण्याची सक्ती केली. संशोधक रादिन उमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेम्बान व शाह आलम या भागांतील अपघातांचा पुढे अभ्यास केला. त्यात समोरची दुचाकी वेळेत न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. कारण समजायला अवघड नाही. दुचाकी समोरून पाहिली तर एक अरुंद उभी रेघ असते. कडूनिंब आणि चिंचेच्या सावल्यांनी चितारलेल्या रस्त्यावर ती रेघ उजेडातून सावलीत शिरताच नाहीशी होते. केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रकला मागे टाकायला निघालेल्या चालकाला त्या वेळी रस्ता मोकळा वाटतो. पेटलेला दिवा सावलीत नाहीसा होत नाही.

सगळीकडे हा नियम टिकला असेही नाही. ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २००५ मध्ये सर्व मोटारींना दिवसा दिवे लावायला सांगितले आणि १ जानेवारी २००८ पासून ती सक्ती मागे घेतली. सगळ्याच मोटारी उजळल्या तर दिवा नसलेला पादचारी आणि सायकलस्वार नजरेतून निसटतो, अशी तिथली तक्रार होती. भारताने सक्ती फक्त दुचाकींवर ठेवली, हे या दृष्टीने शहाणपणाचे म्हणावे लागेल.

भारतीय मनाला दिवसाचा दिवा खटकतो यामागे काटकसर आहे, तशी काही आठवणही असावी. इथे मोटारीचा दिवा दीर्घकाळ लपवण्याचीच वस्तू होती. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत ब्लॅकआउट होत, आणि डिसेंबर १९७१ च्या युद्धात पुन्हा झाले. त्या काळात मोटारींच्या दिव्यांवर काळा रंग किंवा काळा कागद चढला. युद्धे सरली तरी ट्रक आणि बसच्या दिव्यांच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवण्याची रीत अनेक दशके चालू राहिली, समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून. दिवा जितका कमी दिसेल तितका चालक सभ्य, असा संस्कार तीन पिढ्यांवर झालेला होता.

दुचाकीचा प्रश्न इथे संपतो: २०१७ नंतरच्या गाडीचा दिवा दिवसा पेटलेला असेल तर तो बिघाड नव्हे. मोटारीची गोष्ट वेगळी आहे. भारतातील हा नियम मोटारींना लागू झालेला नाही. मोटारीच्या पुढे दिवसा उजेड दिसतो तेव्हा आधी पाहावे की तो नेमका कुठला दिवा आहे. हेडलाइटच्या कडेला बारीक पांढरी पट्टी उजळलेली असेल तर ते डीआरएल. त्यांना बंद करण्याची गरज नाही आणि बऱ्याच गाड्यांत तशी सोयही नसते. मुख्य हेडलाइटच पेटलेला असेल आणि इंडिकेटरच्या दांडीवरचे बटण ‘ऑटो’वर असेल, तर मात्र गाठ यंत्राच्या डोळ्याशी आहे. तो डोळा उन्हाला अंधार का समजतो?

या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या इतिहासात सापडत नाही. ते सापडते रेल्वेच्या इतिहासात, आणि सावदा हे रेल्वेमार्गावरचे गाव आहे. १८५२ मध्ये इंग्रजांच्या जमीनमोजणीविरुद्ध हजारो लोक ज्या गावी जमले, ते हेच सावदा. त्यानंतर दोन दशकांच्या आत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळहून तापी ओलांडून दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर असे बऱ्हाणपूर-खांडव्याकडे गेले, आणि मार्च १८७० मध्ये मुंबई ते जबलपूर हा सलग मार्ग खुला झाला. याच मार्गाने पुढे सावद्याची आणि रावेरची केळी उत्तरेला जाऊ लागली. रुळांसोबत आले सिग्नल: उंच खांब आणि त्यावर हलणारा लाकडी किंवा लोखंडी हात.

त्या काळच्या सिग्नलांत एक घातक दोष होता आणि तो इंग्लंडमध्ये उघडकीस आला. २१ जानेवारी १८७६ च्या संध्याकाळी अ‍ॅबट्स रिप्टन या गावाजवळ हिमवादळ घोंघावत होते. तिथल्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवर सिग्नलची नेहमीची स्थिती ‘मार्ग मोकळा’ अशी असे. गाडी थांबवायची असेल तेव्हाच तो ‘धोका’ या स्थितीत आणला जाई. मार्ग मोकळा असताना सिग्नलचा हात खांबातल्या खाचेत दडून राही. त्या रात्री बर्फाने हात आणि तारा जखडून गेल्या. सिग्नलमनने दांडी ओढली, आपल्या परीने ‘धोका’ दाखवला, पण वर हात हललाच नाही. रुळावर एक कोळशाची मालगाडी बाजूला घेतली जात असताना लंडनकडे जाणारी एक्स्प्रेस तिच्यावर आदळली. काही मिनिटांनी विरुद्ध दिशेने आलेली दुसरी एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. डझनाहून अधिक माणसे मेली.

चौकशीत दिसले ते साधे होते आणि भयंकरही. कोणी कामचुकारपणा केलेला नव्हता. यंत्र बिघडले होते, पण बिघडताना ते चुकीच्या बाजूला झुकले होते. त्याने माणसाला खोटा दिलासा दिला होता.

त्यानंतर त्या रेल्वेने नियम उलटा केला. सिग्नलची नेहमीची स्थिती ‘धोका’. मार्ग मोकळा आहे याची खात्री पटल्यावरच हात हलवायचा. रंगांचेही असेच झाले. जुन्या पद्धतीत पांढरा उजेड म्हणजे ‘खुशाल जा’ असा अर्थ होता. दिव्यापुढची लाल काच फुटली किंवा गळून पडली की धोक्याचा दिवा आपोआप पांढरा, म्हणजे मोकळ्या मार्गाचा होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याला रजा मिळाली आणि ‘जा’ या अर्थासाठी हिरवा रंग आला, तो असा.

भारतीय स्टेशनांवर पुढे शंभर वर्षे दिसत राहिलेला सिग्नल याच विचारावर उभा होता. हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकलेला म्हणजे या. ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी येते आहे, हा मराठी बोलीतला वाक्प्रचार तिथूनच आलेला. दूरच्या केबिनमधून येणारी तार तुटली तर हात पडत नसे. त्याच्या मागे बसवलेले वजन त्याला ओढून पुन्हा आडवे करी. तार तुटणे हा बिघाडच, पण त्या बिघाडाचे फळ म्हणजे थांबलेली गाडी आणि वैतागलेले प्रवासी. हे परवडते.

अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्येच हा विचार विजेच्या भाषेत मांडला होता. रुळांतून सतत एक मंद प्रवाह वाहता ठेवायचा आणि तो वाहतो आहे तोवरच सिग्नल मोकळा दाखवायचा. गाडीची चाके रुळांवर आली की प्रवाह आड रस्त्याने जातो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, वायर निखळली किंवा रूळ तुटला तरीही तो लालच होतो. यंत्राला काही कळेनासे झाले की त्याने वाईटच गृहीत धरावे, अशी ही शिस्त आहे.

मोटारीच्या दिव्यापर्यंत ही शिस्त पोहोचायला एका डोळ्याची गरज होती. तो डोळा सापडला अपघाताने, तेही समुद्राखालून जाणाऱ्या तारेच्या कामात. विलोबी स्मिथ हा टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स कंपनीचा मुख्य विद्युततज्ज्ञ होता. याच कंपनीने ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजातून १८७० मध्ये मुंबई ते एडन ही तार समुद्रतळावर टाकली होती. तार टाकताना ती मध्येच खराब झाली नाही ना, हे तपासायला स्मिथला विजेला भरपूर अडथळा करणारा पदार्थ हवा होता. त्याने सेलेनियमच्या कांड्या निवडल्या. कांड्या लहरी निघाल्या; एका वेळी मोजलेला अडथळा दुसऱ्या वेळी जुळेना. शेवटी ध्यानात आले की पेटीचे झाकण उघडे असले, कांड्यांवर उजेड पडला, की अडथळा घटतो आणि झाकण लावले की वाढतो. फेब्रुवारी १८७३ मध्ये स्मिथने ही गोष्ट पत्राने जाहीर केली. प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या विद्युत उपकरणांचा सारा वंश या बिघडलेल्या मोजणीतून निघाला.

सेलेनियमनंतर कॅडमियम सल्फाइड आले. कॅमेऱ्यांतले प्रकाशमापक आणि संध्याकाळी आपोआप लागणारे रस्त्यावरचे दिवे त्यावर चालू लागले. मोटारीत डोळा पहिल्यांदा बसला तो वेगळ्याच कामासाठी. जनरल मोटर्सने १९५२ च्या ओल्डस्मोबाईल आणि कॅडिलॅक गाड्यांत ‘ऑट्रॉनिक आय’ नावाची नळी डॅशबोर्डवर बसवली. समोरून दुसरी गाडी आली की ती आपला झोत खाली करी. रस्त्यावरचे इतर उजेड पाहूनही ती बिचकत असे, पण वाट दाखवून गेली. १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये ‘ट्वायलाइट सेन्टिनल’ आले. अंधार पडला की दिवे स्वतः लागत, गाडी बंद केल्यावर काही वेळ तसेच राहत आणि मग विझत. आजच्या मोटारीतले ‘ऑटो’ हे त्याचेच वंशज. आता कॅडमियमऐवजी सिलिकॉनचा फोटोडायोड असतो, आणि तो समोरच्या काचेला लागून, आरशाच्या मागे किंवा डॅशबोर्डच्या वरच्या कडेला, एका लहानशा काळ्या टोपीखाली बसलेला असतो.

या डोळ्याने कधी काय करावे हे संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ४८ मध्ये आकड्यांत लिहिलेले आहे, आणि ते आकडे वाचताना अ‍ॅबट्स रिप्टनची आठवण यावी. बाहेरचा उजेड १,००० लक्सहून कमी झाला तर दिवे २ सेकंदांच्या आत लागलेच पाहिजेत. उजेड ७,००० लक्सहून वाढला तर ते विझले पाहिजेत, पण ५ सेकंदांच्या आत नाही, आणि त्यासाठी ३०० सेकंदांपर्यंत मुभा आहे. मधल्या पट्ट्यात काय करायचे ते कारखानदाराने ठरवावे. पेटायला दोन सेकंद, विझायला पाच मिनिटे. हा तराजू मुद्दाम एका बाजूला झुकवलेला आहे.

म्हणून पहिली तपासणी म्हणजे निव्वळ थांबणे. पुलाखालून किंवा दाट झाडीतून बाहेर पडताच दिवे विझले नाहीत म्हणून गाडी बिघडली असे होत नाही. उघड्या मैदानात, इंजिन चालू ठेवून, बटण ‘ऑटो’वर ठेवून पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मे महिन्यातल्या दुपारी थेट उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. सात हजारांची मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. श्रावणात सातपुड्यावरून काळे ढग उतरतात तेव्हा गोष्ट निराळी. तो उजेड काही हजारांवर, कधी त्याहूनही खाली येतो, आणि भर दुपारी लागलेले दिवे तेव्हा अगदी बरोबर असतात. काही गाड्यांत वायपर चालू केले तरी दिवे लागतात. तेही ठरवूनच.

उन्हात पाच मिनिटांनीही दिवे पेटलेलेच राहिले तर डोळ्यावर काय आले आहे ते पाहावे. भारतीय मोटारीत त्यावर येण्यासारखे पुष्कळ असते. डॅशबोर्डवर उन्हापासून बचाव म्हणून अंथरलेला टॉवेल किंवा मखमली चटई, काचेलगतची देवाची मूर्ती, नव्या गाडीच्या पूजेत काचेवर काढलेले हळदीकुंकवाचे स्वस्तिक, आरशाला अडकवलेला हार, टोलचा फास्टॅग नेमका आरशामागे चिकटवलेला. काचेच्या वरच्या कडेला लावलेली काळी पट्टी हेही एक नेहमीचे कारण. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात मोटारींच्या काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली, तरी ही पट्टी अनेक गाड्यांवर टिकून आहे. काळ्या मातीची धूळही कमी नाही. ती काचेच्या आतल्या बाजूने, टोपीच्या कडेला, पातळ थरात बसते. बाहेरून काच कितीही पुसली तरी तो थर जात नाही.

या सगळ्यांत यंत्र निर्दोष असते. त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधलेली आहे आणि त्याला शिकवले तसे ते अंधार गृहीत धरते आहे. टॉवेल काढला, फास्टॅग हलवला, ओल्या कापडाने काच आतून पुसली की बहुतेक गाड्या पूर्ववत होतात. खात्री करण्याचा उपायही सोपा. सावलीत गाडी उभी करून मोबाईलची बॅटरी थेट त्या काळ्या टोपीवर धरावी आणि वाट पाहावी. दिवे विझले तर डोळा शाबूत आहे.

समोरची काच नुकतीच बदललेली असेल तर संशयाची सुई तिकडे वळवावी. अनेक गाड्यांत पावसाचा आणि उजेडाचा सेन्सर एकाच डबीत असतो आणि ती काचेला पारदर्शक जेलच्या चकतीने चिकटवलेली असते. नवी काच बसवताना जुनीच चकती पुन्हा वापरली, मध्ये हवेचे बुडबुडे राहिले किंवा जोडणीची पिन पूर्ण बसली नाही, तर डोळा अधू होतो किंवा निखळतो. निखळलेल्या डोळ्याकडून निरोप येईनासा झाला की गाडीचा नियंत्रक संगणक बहुधा दिवे लावूनच ठेवतो. तुटलेल्या तारेचा सिग्नल आडवा व्हावा तसेच हे. इथे गरज असते ती निदान करणाऱ्या यंत्राची आणि जाणत्या कारागिराची. वायर कापून ‘ऑटो’ कायमचे बंद करून देणाऱ्याची नव्हे. दिवसा नको असलेला तो दिवा संध्याकाळी सहाच्या सुमारास, नजर दमलेली असताना आणि अंधार नकळत उतरत असताना, चालकाच्या आधी जागा होतो. त्याचे खरे काम त्या अर्ध्या तासात असते.

शेवटची शक्यता सर्वांत वाईट, आणि ती ओळखणे सर्वांत सोपे. बटण ‘ऑटो’वरून काढून बंद या खुणेवर आणावे. दिवा तरीही पेटलेलाच राहिला, किल्ली काढल्यावरही विझेना, तर डोळ्याचा काही दोष नाही. त्याचा हुकूम पोहोचतो आहे, पण तो पाळला जात नाही. दिव्यांना वीज देणाऱ्या रिलेचे दोन धातूचे तुकडे ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटलेले असतात, किंवा बटणाच्याच आत तसे झालेले असते. अशी गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी मृत. तात्पुरता उपाय म्हणून संबंधित रिले किंवा फ्यूज काढून ठेवता येतो, मात्र नवा रिले बसेपर्यंत अंधारात गाडी बाहेर काढता येत नाही. फ्यूजपेटीच्या झाकणावरच्या नकाशात त्याची जागा दाखवलेली असते.

रेल्वेने हा धोकाही जुन्या काळीच हेरला होता. सिग्नलच्या ज्या रिलेवर गाड्यांचे जीव अवलंबून असतात, त्यांत एक टोक धातूचे आणि दुसरे कार्बनचे ठेवतात, कारण धातू कार्बनला वितळून चिकटू शकत नाही. भुसावळ–खांडवा मार्गावर लाकडी हातांच्या जागी विजेचे रंगीत दिवे आले, तरी भारतीय रेल्वेच्या रिलेकक्षांतली ही जुनी खबरदारी गेली नाही. मोटारीतला रिले शे-दोनशे रुपयांचा असतो आणि त्यात दोन्ही टोके धातूचीच असतात.